खाजणवाडीतली एकोणीस घरं

पोलादपूर
१२ जानेवारी २०२६

आदरणीय विनीताताई,

आपल्या दिवाळी अंकात पान ११२ वर माझ्या लेखाचा पहिला परिच्छेद आहे. त्यात मी लिहिलं आहे की, दासगावजवळच्या खाजणवाडीत कातकऱ्यांची बावीस घरं आहेत, त्यांतली एकोणीस मी गेले तेव्हा रिकामी होती आणि तीन घरांत माणसं राहत होती. हे चूक आहे. एकोणीस घरांत माणसं राहत होती, रिकामी होती ती तीन. म्हणजे आकडा थोडा इकडेतिकडे झाला असं नाही, मी बरोबर उलटं लिहिलं.

फोन का केला नाहीस, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुमचं म्हणणं मला लगेच पटतं आणि फोन ठेवल्यावर पटेनासं होतं. म्हणून पत्र.

परवा शनिवारी मी वाडीत अंक द्यायला गेले. अंक येऊन अडीच महिने झाले होते. दर आठवड्याला पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणत होते, कारण ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्यासमोर अंक घेऊन उभं राहायची मला भीती वाटते. दुपारची एसटी आलीच नाही, म्हणून संध्याकाळच्या गाडीने गेले. पोचले तर एकोणीस घरांतून धूर निघत होता. कुठे खेकडे भाजत होते, कुठे पोरांना ओरडत होते. लेख लिहिताना मी तिथे लागोपाठ दोन दिवस गेले होते, दोन्ही दिवस अकरा ते तीन. तीनला परतीची गाडी असते.

तुम्हाला सगळ्यात आवडलेलं वाक्य आठवत असेल: ‘दारांना काटे लावून वाडी निघून गेली होती.’ फोटोही त्याचाच छापला आपण. त्या काटेरी फांद्यांबद्दल मी आवडी वाघमारेंना विचारलं. या पन्नाशीच्या बाई वाडीत सगळ्यांच्या वतीने बोलतात. त्या हसायलाच लागल्या.

“ती काटी व्हय? कुत्री शिरतात गो घरात, भाकरी पळवतात. खाडीत गेलो का आडवी लावून जातो.”

“आणि लांब जाता तेव्हा? कोळशाच्या भट्टीवर?”

“तवा काटी कशाला? तवा दारच काढतो. शेजारी ठेवतो. तसंच ऱ्हायलं तर वाळवी खाते, नायतर कोन तरी सरपनाला नेतो.”

म्हणजे ज्या तीन घरांना दार नव्हतं, म्हणून ‘उघडी आहेत, इथे माणसं आहेत’ असं मी धरून चालले, तीच माणसं भट्टीवर गेली होती. आणि काटे लावलेल्या घरांतली माणसं अर्ध्या मैलावर चिखलात खेकडे धरत होती.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते जेवायचे थांबले. “आपल्याकडं कुलूप दिसलं का मानूस मुंबईला. तुला दुसरं काय दिसनार?” म्हणाले. आमची वाडी डोंगरात आहे, अर्धी मुंबईत आहे, आणि घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. बाबांना वाचता येत नाही, पण छापलेलं खोटं असतं हे त्यांना अजून पटत नाही. तो अंक त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला बांधून ठेवला आहे.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती. मजकूर सोबत जोडला आहे. अंकाच्या पहिल्या पानावर, लेख सुरू झाला होता तेवढ्याच अक्षरांत असावी असं मला वाटतं. तुम्हाला ते जास्त वाटेल, पण मला वाटतं.

आपली,
दिशा उतेकर

*

पुणे
१९ जानेवारी २०२६

प्रिय दिशा,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. आमच्या पोस्टमनला इतकं आश्चर्य वाटलं की त्याने बेल वाजवून हातात दिलं. अशा माणसाला निराश करू नये म्हणून मीही पत्रच लिहिते आहे.

तुझा काटेकोरपणा मला ठाऊक आहे. पहिल्या लेखाच्या वेळी पोलादपूर घाटातल्या वळणांची संख्या तपासायला तू परत गेली होतीस. त्या गुणाचं मी कौतुकच करते. पण दिशा, एखाद्या दिवशी कुठल्या दाराला काय लावलं होतं, हे तुझ्या लेखाचं सत्य नव्हे. लेख भट्ट्यांवर जाणाऱ्या माणसांचा आहे. बेचाळीस पानांत तू तीन तालुक्यांतल्या सात भट्ट्या उभ्या केल्या आहेस. मुकादम माणसांना कसे कोंडून ठेवतात, आजारी बाईला दवाखान्यात कसे जाऊ देत नाहीत, हे नावानिशी लिहिलं आहेस. इतकं दुसऱ्या कुणी केलेलं नाही. खाजणवाडी ही त्या लेखाची नुसती चौकट आहे. चौकटीतला एक खिळा वाकडा लागला म्हणून कोणी घर पाडत नाही.

लेखाचं काय चाललं आहे ते ऐक. चार महाविद्यालयांनी तो वाचायला लावला आहे. नोव्हेंबरात महाडहून कुणा किशोरशेठचा फोन आला होता, त्यांनी एकदम दहा प्रती मागवल्या. म्हणाले, आमच्या भागावर एवढं छान कुणी लिहिलं नव्हतं. बघ, तुझ्या गावाकडेही तुला वाचक मिळाले! आणि अजून एक बातमी आहे, ती पक्की झाली की सांगेन. तोवर कुणाला काही बोलू नकोस.

तुझं हस्तलिखित माझ्या पेन्सिलच्या खुणांसकट फाइलला लावून ठेवलं आहे. सगळ्यांचीच ठेवते. तू मोठी झालीस की दाखवीन, कुठून निघाली होतीस ते.

दरड कोसळलेल्या तळीयेवरचा लेख मार्चअखेर हवा. त्याच्या मागे लाग. दुरुस्तीचं बघू.

तुझी,
विनीताताई

*

पोलादपूर
२ फेब्रुवारी २०२६

आदरणीय विनीताताई,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात आवडीबाई पन्नाशीच्या आहेत असं लिहिलं. वय त्यांनी सांगितलेलं नाही, तो माझा अंदाज होता.

आता किशोरशेठ. ते वाचक नाहीत. खाजणवाडी ज्या जमिनीवर आहे ती सातबाऱ्यावर त्यांच्या नावे आहे. वाडीतली माणसं तिथे आजोबा-पणजोबांपासून राहतात. राहत्या घराखालची जागा आपल्या नावावर व्हावी, असा त्यांनी गेल्या वर्षी अर्ज केला. त्यासाठी तिथे कायम राहतो हे दाखवावं लागतं. किशोरशेठनी हरकत घेतली आहे आणि हरकतीला माझा लेख जोडला आहे. त्या दहा प्रती त्यासाठी होत्या.

मला हे कसं कळलं ते सांगते. बुधवारी मी क्लासमध्ये नववीला शिकवत होते. आवडीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. दासगावहून दोन गाड्या बदलून आल्या होत्या. मी म्हटलं, बसा, तास संपू दे. त्या बसल्या नाहीत. पिशवीतून कागद काढून माझ्यासमोर धरला.

“वाच. मोठ्यानं वाच.”

मी वाचलं. “सदर ठिकाणी अर्जदार कायमस्वरूपी वास्तव्यास नसून वस्ती हंगामी स्वरूपाची आहे, याची खात्री नामांकित मासिकातील सोबत जोडलेल्या लेखावरून पटते.” खाली लेखाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स होती. परिच्छेदाखाली लाल रेघ.

“तुझ्या कागदात आमी गेलेलो,” त्या म्हणाल्या. “मी तर इथं उभी हाय.”

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. आवडीबाईंनी तिकडे पाहिलं तसं ते थांबलं.

मी म्हणाले की चूक माझी आहे, मी ती दुरुस्त करणार आहे, संपादकांना लिहिलं आहे. त्या म्हणाल्या, “परत लिव. कोनीच कुठं जात नाय म्हनून लिव.”

“पण तीन घरं जातात ना, आवडीबाई. तुम्हीच सांगितलंत.”

“खोटं लिवताना तुझा हात नाय कापला. आता कापतो?”

मी तरीही तीन लिहीन असंच म्हणाले. त्या रागाने निघाल्या आणि पायरीवरून परत वळल्या.

“तुमच्या वाडीची किती जनं मुंबईला?”

“निम्म्याहून जास्त.”

“घरं कुनाची हायेत ती?”

“त्यांचीच.”

“ती वर्षात कवा येतात?”

“शिमग्याला. गणपतीला.”

“आनि आमी चार महिने गेलो, शिमग्याला परत आलो, तर आमचं घर नाय?”

विनीताताई, हे मी बेचाळीस पानांत कुठेही लिहिलेलं नाही. मला सुचलंच नाही. ते सुचायला आमच्याच आळीतून एकदा चालत जाणं पुरेसं होतं.

सुनावणी मार्चमध्ये आहे, तारीख अजून यायची आहे. अर्ज फेटाळला गेला तर पावसाच्या आधी घरं काढायला लावतील, असं वाडीत सगळे धरून चालले आहेत. मार्चच्या अंकात दुरुस्ती यायलाच हवी. आणि मी तिथे प्रतिज्ञापत्र देणार आहे. तुम्हाला आधी सांगावं म्हणून लिहिते.

आपली,
दिशा

*

पुणे
९ फेब्रुवारी २०२६

प्रिय दिशा,

मी तुझं पत्र दोनदा वाचलं. त्या किशोरशेठशी मी कौतुकाने बोलले होते, ते आठवून अजून तोंडाला कडवट चव येते. तेवढी चूक माझी.

आता थंड डोक्याने ऐक. प्रतिज्ञापत्र करू नकोस.

मला मासिकाच्या अब्रूची काळजी आहे, हे मी नाकारत नाही. पण त्याहून मोठी काळजी दुसरी आहे. तुझ्या लेखात चार मुकादमांची नावं आहेत. त्यांतल्या दोघांचे वकील आपल्याला नोटिसा पाठवून बसले आहेत, हे मी तुला सांगितलं नव्हतं, झोप जाईल म्हणून. ते वाट बघत आहेत ती एका चुकीची. तू सरकारी कचेरीत सही करून सांगणार की माझ्या लेखाचा पहिलाच परिच्छेद उलटा आहे. दुसऱ्या दिवशी ते म्हणतील, जिला दारं नीट दिसली नाहीत तिला कोंडलेली माणसं कुठून दिसली? मग वाडीतली बावीस घरं वाचवायला तू भट्टीवरची दीडशे माणसं त्यांच्या हवाली केलीस असं होईल. याचा विचार केलास का? नसेल तर कर.

वाडीला मदत करायचे दुसरे मार्ग आहेत. त्यांच्याकडे रेशनकार्डं असतील, मुलांचे शाळेचे दाखले असतील. चांगला वकील मी बघून देते. दुरुस्ती एप्रिलच्या अंकात, वाचकांच्या पत्रव्यवहारात, दोन ओळींत जाईल. मार्चचा अंक छापायला गेला.

आणि ती बातमी. तुझ्या लेखाला यंदाचा दीर्घलेखनाचा पुरस्कार जाहीर झाला आहे. २२ मार्चला पुण्यात समारंभ. तुझ्या आईबाबांना घेऊन ये. त्यांची राहायची सोय माझ्याकडे. ही बातमी अशा पत्राच्या शेवटी द्यावी लागेल असं वाटलं नव्हतं.

तुझी,
विनीताताई

*

पोलादपूर
२२ फेब्रुवारी २०२६

आदरणीय विनीताताई,

तुमचं पत्र आल्यावर मी चार दिवस काही केलं नाही. तुमचा मुद्दा खरा आहे. मला भीती वाटली, अजून वाटते.

मग मी लेखाच्या सगळ्या वह्या काढल्या आणि बेचाळीस पानांतलं एकेक वाक्य वहीशी ताडून पाहिलं. क्लास सुटल्यावर रोज बसत होते, सात दिवस लागले. भट्ट्यांवरच्या भागात मला दोन चुका सापडल्या: एका गावाचं अंतर आणि एका माणसाचं आडनाव. बाकी सगळ्याला तारीख, नाव आणि साक्ष आहे. त्या दोन चुकाही दुरुस्तीत घालाव्यात. मुकादमांच्या वकिलांना चूक हवी आहे ना? ती त्यांना माझ्याकडूनच मिळू दे, तिन्ही एकदम, पत्त्यासकट. आपली चूक मी स्वतः सांगितली तर बाकीच्याबद्दल मला ताठ उभं राहता येईल. लपवली आणि त्यांनी शोधून काढली, तर नाही.

वह्या पाहताना अजून एक गोष्ट सापडली. ती लिहायला मला जड जातं आहे.

२१ जानेवारी २०२५ची नोंद. त्या दिवशी वाडीत मला एकच माणूस भेटला होता. जानू वाघमारे, आवडीबाईंचे सासरे. त्यांना फारसं दिसत नाही. अंगणात बसून ते बोटांनी चाचपत जाळं सांधत होते. मी विचारलं, बाकीचे कुठे? त्यांचं उत्तर मी जसंच्या तसं लिहून घेतलं आहे:

“सुकती हाय गो. पानी भरलं का समदी येतील. बस जरा.”

मी बसले नाही, तीनची गाडी होती. आणि भाबडेपणाने मला वाटलं, म्हातारा भट्टीवर गेलेल्यांची वाट बघतो आहे. पण सुकती म्हणजे ओहोटी, हे मला कळत होतं. मी सावित्री नदीच्या काठानेच शाळेत गेले आहे.

हे वाक्य माझ्या पहिल्या खर्ड्यात होतं. दुसऱ्या परिच्छेदात. सप्टेंबरात तुमचा फोन आला होता. तुम्ही म्हणालात, सुरुवात फार सुंदर झाली आहे, पण हा म्हातारा ती मोडतो. वाडी गेली म्हटल्यावर लगेच कुणी येतील म्हणायला नको. तुम्ही ते वाक्य कापलंत. ते राहिलं असतं तर वाचणाऱ्या कुणालाही, किशोरशेठच्या वकिलालासुद्धा, विचारावं लागलं असतं की गेलेली माणसं पाणी भरल्यावर कशी येतील.

तुमच्या फाइलमधलं ते पान मला हवं आहे, पेन्सिलच्या खुणांसकट. वाडीत माणसं होती हे मला तेव्हाच सांगितलं गेलं होतं, छापायच्या आधीपासून ते कागदावर होतं, हे त्यावरून दिसेल. झेरॉक्सही चालेल. पण मूळ पान मिळालं तर बरं.

आपली,
दिशा

*

पुणे
३ मार्च २०२६

प्रिय दिशा,

फाइल पाहिली. तू म्हणतेस तसं पान त्यात नाही. ऑफिस बदललं तेव्हा बरंच काही गेलं. तीस वर्षांत मी हजारो वाक्यं कापली असतील. त्यांतलं एक असं परत येईल हे कुणाला ठाऊक असतं?

तू जाणारच असशील तर स्वतःच्या नावाने जा. मासिकाच्या वतीने काही बोलू नकोस. विश्वस्तांशी बोलले, त्यांचंही हेच म्हणणं आहे. तळीयेचा लेख सध्या थांबव. तो दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल असं दिसतं.

पुरस्काराच्या समारंभाला तरी ये. तिथे या सगळ्याविषयी बोलायची गरज नाही.

मला तुझी काळजी वाटते. हे वाक्य कापू नकोस.

विनीता

*

पोलादपूर
१० मार्च २०२६

आदरणीय विनीताताई,

दोन दुरुस्त्या.

पहिली. मागच्या पत्रात मी लिहिलं, ‘तुम्ही ते वाक्य कापलंत.’ ते अर्धंच खरं आहे. तुम्ही फोनवर विचारलंत, कापू का? मी म्हणाले, हो ताई, तुम्ही म्हणता तेच बरोबर. मला ते बरोबर वाटत नव्हतं. पण ज्यांनी मला लिहायला शिकवलं त्यांना नाही म्हणायची मला लाज वाटली, आणि सुरुवात सुंदर झाली हे ऐकून बरंही वाटलं. ते वाक्य आपण दोघींनी कापलं. प्रतिज्ञापत्रात मी तसंच लिहिलं आहे.

दुसरी. १९ जानेवारीच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की माझं हस्तलिखित पेन्सिलच्या खुणांसकट फाइलला आहे. ३ मार्चच्या पत्रात तुम्ही लिहिता की पान नाही. दोन्ही एका वेळी खरी असू शकत नाहीत. कुठलं खरं हे मी ठरवणार नाही. तुमची पत्रं मी जोडलेली नाहीत, ती तुम्ही मला लिहिली आहेत. पण ‘मूळ पान जपून ठेवल्याचे संपादकांनी मला लेखी कळवले होते’ हे एक वाक्य प्रतिज्ञापत्रात आहे. प्रतिज्ञापत्र करून देणारे वकील म्हणाले, काढा, कशाला वाकड्यात शिरता. मी काढलं नाही. सोमवारपर्यंत पान आलं तर ते वाक्य काढून पान जोडीन.

मध्ये शिमगा झाला. आमच्या वाडीत एकतीस घरं आहेत. होळीच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांतल्या अठरा घरांना कुलूप होतं. मी कागद घेऊन दारोदार फिरले, कोणाचं घर, कधीपासून बंद, वर्षात किती दिवस उघडतं. ही यादीही प्रतिज्ञापत्राला जोडली आहे. वाडीतून मला काय काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही. राजेंद्रकाकांचं तेवढं सांगते. ते परळला असतात, घर अकरा महिने बंद. पालखी दारात आली होती आणि ते माझ्याशी भांडत होते.

“माझं नाव गव्हर्नमेंटच्या पेपरात कशाला टाकते तू? उद्या माझंच घर गेलं तर? इथे ऑलरेडी टेन्शन काय कमी आहे?”

मी म्हणाले, “काका, घर जाणार नाही. तेच तर मला तिथे दाखवायचं आहे.”

“आणि त्या कातकऱ्यांची बरोबरी आपल्याशी करते? आपण उतेकर आहोत.”

बाबा पालखीला खांदा द्यायला निघाले होते. ते मागे आले. “राजू, ती चार महिने जातात तर उपरी आनि तू वर्षभर जातोस तर मालक व्हय? दिशे, ह्याचं नाव पयलं घाल. खाली माझा अंगठा घे.” मग काकांना म्हणाले, “चल आता, देव खोळंबलाय.” काका गेले पालखीमागे, पण धुळवडीला माझ्याशी बोलले नाहीत.

रविवारी खाजणवाडीत प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. पाणी भरल्यावर गेले, सगळे परत आल्यावर. भट्टीवरची तीन घरंही शिमग्याला आली होती. जानूबाबांचं वाक्य मी वाचलं तेव्हा ते म्हणाले, “मी बस म्हनालो होतो. हिला गाडीची घाई.” सगळे हसले. मीही हसले, मग मला रडू आलं. आवडीबाई म्हणाल्या, “रडून आता गाडी मागं येनार हाय का? वाच पुढं.”

एकोणीस घरं कायम राहतात, तीन घरं दिवाळी ते शिमगा जातात आणि परत येतात, इथपर्यंत आले आणि थांबले. मला वाटलं, आता त्या म्हणतील, तीन काढ. त्यांनी मागे वळून पाहिलं. ज्यांची ती तीन घरं ती माणसं खाली बघत होती.

“तीन लिव,” शेवटी आवडीबाई म्हणाल्या. “पन त्यांची दारं चार महिने माज्या घरात होती तेबी लिव. ज्याला परत याचं नाय तो दार जपायला देत नाय.”

तेही लिहिलं. त्यांच्याच शब्दांत. हे वाक्य कोणी सुंदर म्हणालं तरी चालेल, कारण ते खरं आहे.

पुरस्काराच्या न्यासाला मी काल पत्र टाकलं. पहिला परिच्छेद उलटा आहे आणि बाकी लेख खरा आहे, असं दोन्ही लिहिलं. त्यांना उरलेल्या एकेचाळीस पानांना पुरस्कार द्यायचा असेल तर मी येईन, आणि व्यासपीठावर मला पाच मिनिटं मिळाली तर ती पाचही मी खाजणवाडीवर बोलेन. हे चालणार नसेल तर त्यांनी पुरस्कार दुसऱ्याला द्यावा. मुकादमांच्या दोन्ही वकिलांनाही तिन्ही चुकांची यादी रजिस्टरने पाठवली आहे. त्यांच्या नोटिसांना उत्तर द्यायची वेळ आली तर माझ्या सगळ्या वह्या तुमच्या हवाली करीन. मासिकाने मला काढलं तरी करीन.

तळीयेचा लेख दुसऱ्या कुणाला द्या. फक्त ज्याला द्याल त्याला सांगा की परतीची गाडी सोडून द्यायची तयारी असेल तरच वर जा.

मला अजून भीती वाटते. किशोरशेठचा माणूस क्लासच्या मालकाला भेटून गेला, हे मला परवा कळलं. मालकांनी मला सुनावणीच्या दिवसाची, मंगळवारची सुट्टी नाकारली आहे. मी त्यांना सांगितलं की सुट्टी मागत नाही, येणार नाही एवढं कळवते आहे. असं मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते.

वीस तारखेला चवदार तळ्यावर माणसांची गर्दी लोटते, महाडात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून कचेरीने आमच्या सुनावणीची तारीख आधी घेतली आहे. हे पत्र तुम्हाला शनिवारपर्यंत मिळावं. तुम्ही यावं अशी माझी अपेक्षा नाही. पण तुमच्या पाठीमागे काही केलं असं व्हायला नको, म्हणून दिवस आणि वेळ लिहिते.

मंगळवार, १७ मार्च २०२६, सकाळी अकरा वाजता, महाडच्या प्रांत कचेरीत मी माझ्या नावाने उभी राहणार आहे.

आपली,
दिशा चांगू उतेकर